कॅरियर दिसताच मांजर दिवाणाखाली का पळते? खरचटलेले नाक, तुटलेले नख टाळायचे कसे?

रविवारी सकाळी माळ्यावरून प्लास्टिकचा कॅरियर खाली येतो. त्यावरची धूळ झटकेपर्यंत खिडकीत ऊन खात बसलेले मांजर दिवाणाखाली, अगदी मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलेले असते. मग झाडू, मोबाइलचा टॉर्च, सुकटीचे आमिष आणि घरातल्या दोघांची धावपळ. अखेर मानगूट धरून मांजर आत कोंबले जाते आणि जाळीचे दार लागते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मांजराच्या नाकाचा शेंडा सोललेला असतो, एका नखातून रक्त येत असते आणि माणसाच्या मनगटावर तीन ओरखडे उमटलेले असतात. लस टोचायला निघालेल्या या फेरीत सुईपेक्षा जास्त इजा प्रवासानेच केलेली असते.

मांजर पाळणाऱ्या घरांत हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे की ‘आमचे मांजर फार तापट आहे’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. पण प्रश्न मांजराच्या स्वभावाचा नाही. कॅरियर कोणता घेतला, वर्षभर तो कुठे ठेवला आणि मांजराला आत कसे घातले, या तीन गोष्टींतून बहुतेक जखमा होतात. या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातात आहेत.

मांजर कॅरियरला इतके का घाबरते?

मांजर हा आपल्या हद्दीत राहणारा प्राणी आहे. घरातला प्रत्येक कोपरा, सोफ्याचा पाय, दाराची चौकट यांना गाल घासून त्याने स्वतःचा वास लावलेला असतो. तो वास म्हणजे त्याच्यासाठी ‘इथे धोका नाही’ अशी खूण. कॅरियरला मात्र माळ्यावरच्या धुळीचा, फिनेलचा किंवा मागच्या वेळच्या दवाखान्याचा वास असतो.

दुसरे कारण पळण्याची वाट बंद होणे. धोका दिसला की मांजर आधी पळते, नाही जमले तर लपते आणि दोन्ही वाटा बंद झाल्या तरच नखे काढते. बंद कॅरियरमध्ये पळता येत नाही आणि जाळीदार असेल तर लपताही येत नाही. म्हणजे उरतो तो तिसराच मार्ग. त्यात कॅरियर वर्षातून एक-दोनदाच दिसत असेल आणि प्रत्येक वेळी त्याचा शेवट सुई टोचण्यात होत असेल, तर मांजराने काढलेला निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही.

जखमा नेमक्या कशा होतात?

सर्वाधिक दिसते ती नाकावरची खरचट. बाहेर पडण्यासाठी मांजर दाराच्या जाळीत नाक खुपसून पुन्हा पुन्हा ढकलते आणि शेंड्यावरची नाजूक त्वचा सोलली जाते. त्याखालोखाल नखे. जाळीत किंवा कापडी कॅरियरच्या नेटमध्ये नख अडकते, मांजर झटका देऊन पाय ओढते आणि नख चिरते किंवा मुळापासून उखडते. जाळी चावल्याने हिरड्यांतून रक्त येते, कधी सुळ्याचे टोक तुटते. घाईत दार लावताना शेपटी किंवा पंजा चेपतो. झिपमध्ये केस आणि कातडी अडकते.

काही वेळा दोष सरळ वस्तूच्या बांधणीत असतो. वरच्या मुठीला धरून कॅरियर उचलला की मांजराचे सगळे वजन चार-सहा प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर येते. जुन्या, उन्हात ठिसूळ झालेल्या खिट्ट्या जिन्यातच सुटतात, तळ खाली पडतो आणि मांजर रस्त्यावर पळते. मुठीला धरून चालताना कॅरियर झोके घेतो, तेव्हा आतले मांजर भिंतींवर आपटत राहते. पाय रोवायला गुळगुळीत प्लास्टिकवर काही नसेल तर ते घसरते आणि घाबरून आणखी धडपडते.

जखम किरकोळच, मग एवढी चर्चा कशाला?

नाक आठवड्याभरात बरे होते, नखही पुन्हा येते. पण त्या फेरीनंतर घरातले ठरवून टाकतात की ‘पुढच्या वर्षी नको, फार त्रास होतो त्याला’. खरे नुकसान इथे सुरू होते. मांजर दुखणे लपवण्यात पटाईत असते. मूत्रपिंडाचा आजार, दातांचे दुखणे, मधुमेह हे घरात उशिरा लक्षात येतात आणि वार्षिक तपासणीत लवकर सापडू शकतात. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. अशा वेळी ‘आधी पकडायचे कसे’ यात तास-दोन तास गेले, तर त्याची किंमत मोठी असते.

भीतीचा परिणाम तपासणीवरही होतो. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोकेही वाढतात. मग आजार आहे की नुसती धास्ती, हे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. त्यामुळे कॅरियरची सवय हा हौशी लोकांचा लाड नसून उपचाराचाच भाग आहे.

कॅरियर कोणता असावा?

भाजीची पिशवी, गोणी, फळांचा खोका, दोरीने बांधलेली बादली, असे सगळे प्रकार आजही वापरले जातात. त्यातून मांजर निसटते किंवा गुदमरते. कडक प्लास्टिकचा, पुढे आणि वर अशी दोन दारे असलेला आणि वरचा अर्धा भाग सहज वेगळा होणारा कॅरियर सर्वांत सोयीचा. मांजराला आत उभे राहता, वळता आणि अंग पसरून बसता यावे एवढा तो मोठा हवा. वरचा भाग निघत असेल, तर भेदरलेले मांजर ओढून काढावे लागत नाही. ते खालच्या भागात आपल्या पंचावर बसलेले असतानाच डॉक्टर तपासू शकतात.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी पाहाव्यात. आतल्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात, धारदार कड असेल तर घेऊ नये. दाराच्या जाळीत मांजराचा पंजा अडकेल एवढे छिद्र नसावे. पाच-सहा किलो वजन आत ठेवून कॅरियर उचलून पाहावा, खिट्ट्या तेव्हाच बोलतात.

सध्या समाजमाध्यमांवर लोकप्रिय असलेल्या, समोर पारदर्शक घुमट असलेल्या पाठपिशव्या दिसायला छान असल्या तरी घाबरट मांजरासाठी त्या योग्य नाहीत. लपायला जागा नाही, हवा खेळायला मोजकी छिद्रे आणि पारदर्शक प्लास्टिकमधून थेट ऊन. मांजराला बाहेरचे जग पाहायची हौस असते, हा समज घराच्या खिडकीपुरता खरा आहे. भर रस्त्यात हॉर्नच्या गदारोळात त्याला दडायची जागा हवी असते.

सवय कशी लावायची?

पहिली पायरी अगदी सोपी आहे. कॅरियर माळ्यावरून उतरवून बैठकीच्या खोलीत कायमचा ठेवायचा. दार काढून टाकायचे किंवा उघडे बांधून ठेवायचे. आत मांजर रोज ज्यावर झोपते ती चादर किंवा घरातल्याच माणसाचा जुना टी-शर्ट अंथरायचा. नंतर काही दिवस कॅरियरच्या तोंडाशी आणि पुढे आत, थोडे उकडलेले चिकन किंवा त्याचा आवडता खाऊ ठेवायचा. मांजर स्वतःहून आत जाऊ लागले की खाऊ देताना दार क्षणभर लोटायचे आणि लगेच उघडायचे. मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटे. त्यानंतर कॅरियर उचलून खोलीभर फिरवणे, जिन्यापर्यंत जाऊन परत येणे, रिक्षात किंवा गाडीत पाच मिनिटे बसून घरी येणे. कोणत्याही पायरीवर मांजराने खाणे थांबवले, कान मागे पाडले किंवा अंग चोरले, तर एक पायरी मागे यायचे.

याचा उपयोग होतो का? व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ मांजरे घेतली होती. त्यांतल्या ११ मांजरांना सहा आठवड्यांत २८ छोट्या सत्रांतून कॅरियरची सवय लावली, उरलेल्या ११ मांजरांना लावली नाही. सवय लावलेली मांजरे गाडीच्या प्रवासात कमी तणावात होती आणि त्यांची तपासणीही लवकर आटोपली. अभ्यास छोटा आहे, पण त्याचा निष्कर्ष घरोघरी करून पाहण्यासारखा आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही.

‘एवढा वेळ कुणाकडे आहे’ हा आक्षेप नेहमी येतो. सहा आठवडे म्हटले की मोठे वाटते, पण एक सत्र म्हणजे काही मिनिटे. एरवी मांजराला खाऊ द्यायचा असतोच, तो कॅरियरमध्ये द्यायचा एवढाच फरक.

उद्याच जायचे असेल तर?

आजार सांगून येत नाही. अशा वेळी पाठलाग टाळणे हा पहिला नियम. आदल्या रात्रीच मांजराला लपायच्या जागा नसलेल्या एका छोट्या खोलीत ठेवावे. कॅरियर टेबलावर, वरचे दार उघडे करून ठेवावा. जाड पंचा अंगावर टाकून, पाय आत घेऊन मांजराला सैलसर गुंडाळावे आणि पंचासकट वरून आत ठेवावे. पुढच्या दारातून घालायचे असेल तर तोंडाच्या बाजूने ढकलू नये, मागचा भाग आधी आत जाऊ द्यावा. गठुडे करताना नाक-तोंड मोकळे आहे ना, हे पाहावे.

मानगूट धरून उचलण्याची जुनी पद्धत सोडायला हवी. आई पिल्लांना तशी उचलते हे खरे, पण चार-पाच किलोच्या प्रौढ मांजराला तसे लटकावणे वेदनादायक असते आणि भीती वाढवते. अमेरिकेतील मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांची संघटना आणि आंतरराष्ट्रीय मांजर वैद्यक संस्था यांच्या २०२२च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांचा भरही कमीत कमी जबरदस्तीवर आहे.

फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी औषधांचा पर्याय आहे. प्रवासाच्या काही वेळ आधी गॅबापेंटिन देण्याची पद्धत अनेक पशुवैद्य वापरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३मध्ये याच कारणासाठी, म्हणजे प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी, मांजरांसाठीचे प्रीगॅबलिनचे द्रवरूप औषध मंजूर केले. मात्र मात्रा वजनावर आणि आजारावर ठरते. घरातल्या माणसाची झोपेची किंवा दुखण्याची गोळी अर्धी करून देणे हा उपाय नव्हे.

रस्त्यावर काय सांभाळावे?

निघण्यापूर्वी तीन-चार तास भरपेट खाणे टाळावे, म्हणजे उलटी होत नाही. पिल्लू, मधुमेही किंवा आजारी मांजर असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावे. दोन दिवस आधी नखांची टोके कापलेली असावीत. तळाशी पंचा आणि त्याखाली शोषून घेणारा पॅड असावा. लघवीने भिजलेल्या कपड्यावर तासभर बसल्यास कातडी लालसर होते.

कॅरियर मुठीला धरून झुलवत नेऊ नये. दोन्ही हात तळाखाली घालून छातीशी धरावा. वरून पातळ सुती कापड टाकावे, हवेसाठी एक बाजू मोकळी ठेवावी. मोटारीत पुढच्या सीटच्या मागे, जमिनीवर तो घट्ट बसतो. रिक्षात मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरावा. दुचाकीवर पुढे पाय ठेवायच्या जागेत कॅरियर अडकवून नेणे धोक्याचे आहे. खड्डा आला की आधी आतले मांजर आपटते. नाइलाज असेल तर मागे बसलेल्याने तो धरावा.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातच नव्हे, पुण्यातही दुपारचा प्रवास टाळावा. मांजराच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि बंद कॅरियरमध्ये ते झपाट्याने वाढू शकते. पार्क केलेल्या मोटारीत मांजराला ‘दोन मिनिटांसाठी’सुद्धा सोडू नये. तोंड उघडून धापा टाकणे ही कुत्र्यात नेहमीची गोष्ट असते, मांजरात ती धोक्याची खूण आहे. तसे दिसल्यास सावलीत थांबावे, हवा द्यावी, पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करावे. बर्फ लावू नये. तिथून सरळ दवाखाना गाठावा.

जखम झालीच तर घरी काय करावे?

आधी मांजराला शांत होऊ द्यावे. घरी आल्याबरोबर कॅरियर एका शांत, अंधूक खोलीत ठेवून दार उघडावे आणि ते स्वतः बाहेर येईपर्यंत थांबावे. लगेच उचलून जखम पाहायला गेल्यास नवा ओरखडा ठरलेला. घरात दुसरे मांजर असेल तर दोघांना काही तास वेगळे ठेवावे. दवाखान्याच्या वासामुळे घरातले मांजर परतलेल्या सोबत्यावर धावून जाते, हे अनेकांनी अनुभवले असेल.

नाकावरची किंवा कातडीवरची खरचट उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसावी. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरते. कापूस न वापरता स्वच्छ गॉज घ्यावे, कापसाचे धागे जखमेत राहतात. पुसून झाल्यावर जखम कोरडी ठेवावी.

नखातून रक्त येत असेल तर गॉज किंवा स्वच्छ रुमाल पाच मिनिटे सलग दाबून धरावा. मध्येच उघडून पाहू नये. थांबले नाही तर टोकावर थोडे कॉर्नफ्लोअर दाबावे. लोंबकळणारे नख घरी ओढून काढू नये. हिरडीतून आलेले थोडे रक्त आपोआप थांबते, पण सुळ्याचे टोक तुटले असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दातातली नस उघडी पडली असेल तर मांजर दुखत असूनही खात राहते.

काय अजिबात करू नये?

पॅरासिटामॉल देऊ नये. मांजराच्या यकृताला ते पचवून बाहेर टाकता येत नाही आणि एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हेही तसेच धोक्याचे. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी घरगुती जंतुनाशके, फिनेल आणि टी ट्री तेल मांजराला विषारी आहेत. मांजर अंग चाटते, त्यामुळे कातडीवर लावलेले सगळे पोटात जाते. हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम भरून येणारा भागच जळतो. हळद भरण्याचा मोह टाळावा. जखम किती खोल आहे ते त्यामुळे झाकले जाते. डोळ्याला ओरखडा असेल तर घरात उरलेले थेंब टाकू नयेत. त्यात स्टेरॉइड असल्यास बुबुळाची जखम चिघळते.

पाच-दहा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, अर्धवट मिटलेला किंवा पाणी गळणारा डोळा, लंगडणे, जखमेभोवती सूज वा पू, दिवसभर न खाणे, लघवीसाठी वारंवार बसूनही ती न होणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये.

माणसाला ओरखडा लागला तर?

इथे हलगर्जीपणा सर्वाधिक होतो. ‘घरचेच मांजर आहे’ म्हणून ओरखडा पुसून टाकला जातो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यानंतर डॉक्टरांना दाखवून रेबीजविरोधी लशीचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. रक्त न आलेला ओरखडाही त्यात मोजला जातो. मांजराचा चावा दिसायला टाचणीच्या टोकाएवढा असतो, पण दात खोल जातात आणि जखम वरून लगेच मिटते, त्यामुळे आत पू होण्याची शक्यता मोठी असते. हाताच्या सांध्याजवळ चावा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

जबाबदारी फक्त पाळणाऱ्याची का?

नाही. अनेक दवाखान्यांत कुत्री आणि मांजरे एकाच बाकाभोवती तासभर ताटकळतात. कॅरियर जमिनीवर, समोर भुंकणारा लॅब्रॅडॉर. घरी कष्टाने लावलेली सवय तिथे धुऊन निघते. वेगळी खोली प्रत्येकाला परवडणार नाही हे मान्य. पण मांजरांसाठी दिवसातला एखादा तास राखून ठेवणे, कॅरियर ठेवायला कमरेच्या उंचीची एक फळी लावणे, पहिल्या लशीच्या वेळीच कॅरियरची सवय समजावून सांगणे याला फार पैसा लागत नाही. प्राणी वस्तूंच्या दुकानांनीही फक्त रंग दाखवण्याऐवजी वरचा भाग निघतो का, जाळी कशी आहे हे सांगायला हवे.

कायद्याने हा विषय कधीच मान्य केला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातील कलम ११ नुसार, प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे आणि हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र आजही १० ते ५० रुपये आहे. एवढ्या दंडाला कुणी घाबरणार नाही, त्यामुळे बदल दंडाच्या भीतीने होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तो घरातूनच व्हावा लागेल आणि त्याची सुरुवात आज संध्याकाळीही करता येईल. माळ्यावरचा कॅरियर खाली काढावा, धुऊन उन्हात वाळवावा, आत जुनी चादर अंथरून सोफ्याच्या बाजूला ठेवावा. आठवडाभर त्याकडे कुणी लक्ष दिले नाही तरी चालेल, मांजर स्वतः चौकशी करेल. पुढची लस येईपर्यंत ते त्यात झोपू लागले असेल, तर रविवारची ती धावपळ, सोललेले नाक आणि मनगटावरचे ओरखडे बहुतेक टळतील. मग ‘पुढच्या वर्षी नको’ असे म्हणायची वेळही येणार नाही.